डोरमेक्स, नायट्रोलिम आणि सायनाइड : द्राक्षबागेतून आलेल्या चार प्रश्नांना उत्तर

निफाड तालुक्यातल्या एका मुलाचे हे प्रश्न. एस.वाय. बी.एस्सी.ला केमिस्ट्री आहे, घरी चार एकर थॉमसन द्राक्षं. थोडक्यात असे : "ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून आम्ही डोरमेक्स लावतो. बाबा म्हणतात त्यात सायनाइड असतं. पुस्तकात नायट्रोलिम म्हणजे कॅल्शियम सायनामाइड, हे खत आहे असं लिहिलंय. मग दोन्ही एकच का? खत असेल तर बागेत का टाकत नाहीत? डोरमेक्स लावल्यावर दारू का चालत नाही? आणि कारखान्यात याचं नेमकं काय करतात?"

मी सातपूरला रसायनांच्या धंद्यात तीस वर्षांवर काढली, त्यातली बरीचशी प्रयोगशाळेत. मामाकडची बाग पिंपळगावजवळ, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. तू पोराच्या वयाचा आहेस म्हणून एकेरीच लिहितो.

आधी बाबांचं बघू. डोरमेक्समध्ये सायनाइड नसतं, सायनामाइड असतं. आडनाव एक, स्वभाव वेगळा. सायनाइडमध्ये कार्बन आणि नायट्रोजनची तिहेरी बंधाने बांधलेली जोडी असते आणि तिच्यावर एक ऋण भार. ही जोडी पेशीतल्या ज्या लोहावर श्वसन चालतं त्यालाच जाऊन चिकटते, म्हणून मिनिटांत माणूस जातो. सायनामाइडमध्ये तीच जोडी आहे, पण कार्बनच्या दुसऱ्या बाजूला अमिनो गट घट्ट बसलेला. ती जोडी सुटी होऊन लोहाकडे धावत नाही. शुद्ध सायनामाइड हा पांढरा, ४५ अंशांच्या आसपास वितळणारा घन पदार्थ आहे. तुमच्या कॅनमध्ये असतं ते त्याचं पाण्यातलं साधारण ५० टक्के द्रावण, स्थिर राहावं म्हणून किंचित आम्लधर्मी ठेवलेलं. लेबलवर 'हायड्रोजन सायनामाइड' असं लिहितात. नाव लांब, पदार्थ तोच.

पण बाबांना हसू नकोस, कारण ज्यांनी हा सगळा उद्योग उभा केला तेसुद्धा सायनाइडच शोधत होते. १८८७ पासून सोन्याच्या खनिजातून सायनाइडने सोनं काढायची पद्धत आली आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाणींना सायनाइड कितीही पुरेना. जर्मनीत अडॉल्फ फ्रांक आणि निकोडेम कारो यांनी १८९५ च्या सुमारास कार्बाइडवर हवेतला नायट्रोजन सोडून सायनाइड करायचा घाट घातला. बेरियम कार्बाइड घेतलं तर बेरियम सायनाइड मिळायचं. बेरियम महाग, म्हणून कॅल्शियम कार्बाइड घेतलं, आणि हाती आलं भलतंच. १८९८ मध्ये त्यांचे सहकारी रोथे यांनी दाखवून दिलं की हे सायनाइड नसून कॅल्शियम सायनामाइड आहे. पुढे १९०१ च्या सुमारास फ्रांक यांच्या मुलाने, आल्बर्टने, ते सरळ खत म्हणून वापरायची कल्पना काढली. सोन्यासाठी निघालेला माणूस शेतात पोहोचला.

कॅल्शियम कार्बाइड तू पाहिलेलं असणार. अंबडला किंवा ओझरला जुन्या गॅस वेल्डिंगवाल्याकडे टाकीत करडे दगड टाकतात आणि लसणासारखा उग्र वास सुटतो, ते कार्बाइड. त्यानेच आंबे आणि केळी पिकवायला बंदी आहे. चुनकळी आणि कोक विजेच्या भट्टीत २,००० अंशांच्या वर तापवले की ते होतं. मग ते दळून भट्टीत भरायचं, थोडं फ्लोरस्पार हे खनिज घालायचं, म्हणजे तापमान जरा कमी पुरतं, आणि ऑक्सिजन काढलेला शुद्ध नायट्रोजन सोडायचा. १,००० ते १,१०० अंशांना कार्बाइड नायट्रोजन पिऊ लागतं. गंमत अशी की ही प्रक्रिया स्वतःच उष्णता देते. जुन्या कारो भट्टीत मधोमध कार्बनची कांडी असायची. ती विजेने लाल करून एकदा पेटवलं की वीज बंद करायची, आणि मग आग शेणीसारखी आतून बाहेर सरकत एकेक थर बदलत जायची. दीड-दोन दिवसांनी भट्टीतून जो ढेकूळ निघायचा तो काळाकुट्ट. काळा का, तर कार्बाइडमधल्या दोन कार्बनपैकी एकच सायनामाइडमध्ये जातो, दुसरा कोळसा होऊन त्यातच राहतो. पुस्तकात 'नायट्रोलिम' म्हणतात ते हे मिश्रण : कॅल्शियम सायनामाइड अधिक कार्बन. म्हणजे डोरमेक्स आणि नायट्रोलिम एकच नाहीत, एकाच घरातले आहेत. परीक्षेत एक गुण मिळवून देणारी ही ओळ आहे, पण ती का खरी आहे ते आता कळलं.

आकडे एकदा करून बघ, म्हणजे पुढचं आपोआप समजेल. शुद्ध कॅल्शियम सायनामाइडचं रेणुभारमान ८०, त्यात नायट्रोजन २८, म्हणजे ३५ टक्के. कार्बन धरून ९२, म्हणजे ३० टक्के. आणि भट्टीत न बदललेला चुना वगैरे धरला की बाजारातल्या मालात २० ते २४ टक्के. युरियात ४६.

आता वीज. एक टन नायट्रोजन पकडायला हिशोबाने २.२९ टन शुद्ध कार्बाइड लागतं. बाजारातलं कार्बाइड ८० टक्के धर, म्हणजे जवळजवळ २.९ टन. एक टन कार्बाइडला साधारण ३,००० युनिट वीज. म्हणजे साडेआठ हजार युनिट नुसत्या कार्बाइडलाच गेले. नायट्रोजन शुद्ध करायला, दळायला वेगळी वीज. आठ रुपये युनिट धरलंस तर टनभर नायट्रोजनमागे ६८ हजार रुपये विजेचे. इकडे ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तिच्यात वीस किलोवर नायट्रोजन, म्हणजे टनाला तेरा हजारांच्या आत. यात सरकारचं अनुदान मोठं आहे हे मान्य. ते काढून टाकलं तरी कोळशावरच्या विजेने हे गणित जमत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे बघून कोणी कार्बाइडची भट्टी टाकणार नाही.

म्हणून हे कारखाने कुठे निघाले बघ. पहिला इटलीत पियानो द'ओर्ता इथे, १९०५ च्या सुमारास. मग नॉर्वेत ओड्डाला, मग कॅनडात नायगारा धबधब्याजवळ. जिथे पाणी उंचावरून पडतं आणि वीज मातीमोल, तिथे. चिलीचा सोरा, म्हणजे तेव्हाचं नायट्रोजनचं खत, संपला तर गहू कशावर पिकवायचा अशी भीती ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रूक्स यांनी १८९८ मध्येच जाहीर बोलून दाखवली होती, त्यामुळे हवेतून नायट्रोजन पकडणारी कोणतीही युक्ती तेव्हा सोन्याच्या मोलाची. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने अलाबामात मसल शोल्सला याच पद्धतीचा प्रचंड कारखाना उभारला. तिथे सायनामाइडवर दाबाखाली वाफ सोडून अमोनिया काढायचा आणि त्यापासून स्फोटकं करायची असा बेत होता. १९१८ मध्ये तो चालू होतोय तोवर युद्धच संपलं.

दरम्यान हाबर आणि बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीत ओपाउला हायड्रोजन-नायट्रोजनपासून थेट अमोनिया करून दाखवला होता. तिथून खताच्या शर्यतीत सायनामाइड मागे पडत गेलं. पण मेलं नाही. जर्मनीत ट्रोस्टबर्गला ते आजही होतं, आणि चीनमध्येही. का टिकलं ते पुढे येईल.

"मग बागेत का टाकत नाहीत?" याचं माझं उत्तर स्पष्ट आहे : आपल्याकडे टाकूच नये. कारण फक्त किंमत नाही. मातीत ओल लागली की कॅल्शियम सायनामाइड आधी सायनामाइड होतं, मग युरिया, मग अमोनियम, शेवटी नायट्रेट. पहिली पायरी चालू असते तेव्हा माती कोवळ्या मुळांना आणि उगवत्या बियांना विषारी असते. युरोपात कोबीच्या शेतकऱ्याला हेच हवं असतं. दोन-तीन आठवडे आधी टाकलं की तण आणि कोबीच्या मुळांना गाठी आणणारा रोग आटोक्यात राहतो, गोगलगायी कमी होतात, आणि मग उरलेलं खत लागू पडतं. शिवाय त्याच्यात निम्म्यावर चुना असतो, त्यांच्या आंबट मातीला तो औषधासारखा. आपली निफाड-दिंडोरीची काळी माती आधीच चुनखडीची, सामू (pH) आठच्या पुढे. तिला आणखी चुना देणं म्हणजे लोहाची कमतरता विकत घेणं. पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात तो प्रकार तुम्ही दरवर्षी बघताच. आणि द्राक्ष हे कायमचं पीक, 'लागवडीआधी तीन आठवडे' हा मुहूर्तच तिथे नाही.

आता कारखाना. इथे मला जरा रमू दे.

सायनामाइडची गंमत ही आहे की त्याच्या मधल्या कार्बनला भूक असते. दोन्ही बाजूंनी नायट्रोजन त्याचे इलेक्ट्रॉन ओढतात, त्यामुळे हायड्रोजन असलेलं जे काही समोर येईल ते तो अंगावर घेतो, आणि बहुतेक वेळा काहीही बाहेर न टाकता. म्हणजे नुसती बेरीज. मी नवीन पोरांना प्रयोगशाळेत हा पाढाच पाठ करायला लावायचो. सायनामाइडचं रेणुभारमान ४२. त्यात पाणी १८ मिळव, ६० : युरिया. हायड्रोजन सल्फाइड ३४ मिळव, ७६ : थायोयुरिया. अमोनिया १७ मिळव, ५९ : ग्वानिडीन. स्वतःचाच दुसरा रेणू ४२ मिळव, ८४ : डायसायनडायमाइड, ज्याला धंद्यात सगळे 'डायसी' म्हणतात. तिसरा मिळव, १२६ : मेलामाइन. जिममधली पोरं चमच्याने घेतात ते क्रिएटिन? सार्कोसिन ८९ अधिक सायनामाइड ४२, १३१. कारखान्यात खरोखर असंच करतात.

आणि यातली सर्वात भारी बेरीज ही : डायसी ८४ अधिक डायमिथिल अमाइन ४५, बरोबर १२९. हे मेटफॉर्मिन. तुझ्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, मधुमेहाची गोळी म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ५०० मिलिग्रॅमची जी गोळी घेतली जाते ती. कारखान्यात डायमिथिल अमाइनचा हायड्रोक्लोराइड आणि डायसी एकत्र तापवतात, स्फटिक पाडतात, धुतात. आपल्या देशात मेटफॉर्मिन किती बनतं हे औषधाच्या दुकानातली फळी बघितली तरी कळेल, आणि त्याच्या प्रत्येक रेणूत एक डायसी आहे. म्हणजे कार्बाइडच्या भट्टीचा नातू-पणतू आजोबांच्या गोळीत बसलाय. खताच्या शर्यतीत हरलेला माल टिकला तो या बेरजांमुळे. नायट्रोजन किलोवर विकायचा तर तो महाग पडतो. पण नायट्रोजन-कार्बन-नायट्रोजन ही तयार जोडणी विकायची असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही.

मी स्वतः डायसीवरच जास्त काम केलं. पांढरी, वास नसलेली, मिठासारखी पूड. वितळते थेट २०९ अंशांना. इपॉक्सीत ही पूड घोटून ठेवली तर महिनोन् महिने काही होत नाही, ती निजून राहते. भट्टीत तापवलं की जागी होते आणि पूर्ण थर कडक करते. पॅनेलवरचं इपॉक्सी पावडर कोटिंग, सर्किट बोर्डाची हिरवी पाटी, यांत हीच युक्ती. डायसी आणि फॉर्माल्डिहाइड यांचं राळेसारखं चिकट द्रावण केलं की ते सुती कापडावरचा डायरेक्ट रंग पक्का करतं. त्याच जातीचं द्रावण रंगाईच्या सांडपाण्यातला रंग खाली बसवायलाही लागतं. एकाच भावाने कापडाला रंग चिकटवला आणि दुसऱ्याने नाल्यातून ओढून काढला, असं आमचे सुपरवायझर म्हणायचे.

मेलामाइनची एक काळी बाजू तुला माहीत असेल. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात ते मिसळलं होतं. का, तर दुधातली प्रथिनं मोजायची जुनी केल्डालची रीत खरं म्हणजे नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनमध्ये दोन तृतीयांश नायट्रोजन. पातळ केलेलं दूध कागदावर घट्ट दिसलं, तान्ह्या मुलांचे मूत्रपिंड गेले. आज मेलामाइन डायसीपासून नाही, युरियापासून बनवतात. डायसीचंही एकदा दुधात नाव आलं. न्यूझीलंडमध्ये कुरणात नायट्रेट वाहून जाऊ नये म्हणून ते टाकत, त्याचा अंश दुधात सापडला आणि २०१३ च्या जानेवारीत ते बाजारातून काढून घेतलं गेलं. तिथे कोणी आजारी पडलं नव्हतं, पण दुधाचा देश असल्यावर नाव खराब होणं परवडत नाही.

थायोयुरियाचं नाव बागेत ऐकलं असशील. सुप्त डोळे जागे करायला तोही वापरला जातो. योगायोग नाही, तो याच कुटुंबातला.

आता डोरमेक्सवर येतो. थॉमसन ही मुळात थंड हिवाळा बघितलेली वेल. थंडीत डोळा झोपतो, पुरेशी थंडी मिळाली की उठतो. नाशिकला ऑक्टोबरात छाटणी करतो तेव्हा थंडी कुठे असते? मग काडीच्या शेंड्याचे एक-दोन डोळे फुटतात आणि खालचे तसेच. एक घड डाळीएवढा, शेजारचा फुलोऱ्यात, अशी बाग कोणाला परवडत नाही. सायनामाइड डोळ्यातल्या कॅटलेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. हायड्रोजन पेरॉक्साइड साठतं, आणि त्या धक्क्याने डोळ्याला वाटतं की हिवाळा होऊन गेला. म्हणून छाटणीनंतर एक-दोन दिवसांत लावतात. लिटरला ३० ते ४० मिलि, म्हणजे प्रत्यक्षात दीड-दोन टक्के सायनामाइड. काडी किती जाड, हवा किती तापलेली यावर ते कमी-जास्त. लाल रंग मिसळतात तो फक्त कोणता डोळा राहिला ते दिसावं म्हणून, हे तुला माहीत आहेच.

पाण्याबद्दल मात्र एक सांगतो, हे फार जण बघत नाहीत. सायनामाइड सर्वात जलद स्वतःशी बेरीज करतं ते सामू ८ ते १० च्या दरम्यान. आपल्या बोअरचं पाणी कितीदा आठच्या वर असतं ते मोजून बघ. सकाळी कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरणं म्हणजे थोडं डायसी लावणं, आणि डायसीने डोळा उठत नाही. बोर्डोमध्ये, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात, मिसळायचा विचार तर करूच नका. बोर्डोत चुना, तो सामू चढवतो. शिवाय तांबं सायनामाइडला धरून काळा न विरघळणारा साका करतं. दोन्ही औषधं एकमेकांना मारतात. तांब्या-पितळेच्या भांड्यातही ओतू नका, प्लास्टिकची बादली बरी.

याचा मासला मी डोळ्यांनी पाहिलाय. चांदोरीकडचे एक ओळखीचे बागायतदार सप्टेंबरात अर्धा कॅन घेऊन आले. "साहेब, दुकानदाराने साखर घातली बघा यात." गेल्या हंगामातला उरलेला माल. वर्षभर कांदाचाळीत पत्र्याखाली पडलेला, एप्रिल-मेची ४० अंशांची तलखी खाल्लेला. तळाशी खरंच खडीसाखरेसारखे पांढरे स्फटिक, चांगले बोटाच्या पेराएवढे. मी वरच्या पाण्याचे दोन थेंब परीक्षानळीत घेतले, अमोनिया घातलेलं सिल्व्हर नायट्रेट टाकलं. ताजं डोरमेक्स असतं तर लगेच हळदीसारखा गर्द पिवळा साका पडतो, सिल्व्हर सायनामाइडचा. इथे पिवळेपणा आला, पण फिका, ताकात हळद पडावी तेवढा. मग स्फटिक धुऊन गरम पाण्यात विरघळवले आणि तीच चाचणी केली. पिवळं काहीच नाही. डायसी अमोनियात तसा साका देत नाही, त्याला कॉस्टिक पोटॅश लागतं. म्हणजे साखर नव्हती, भेसळही नव्हती. सायनामाइडने पत्र्याखाली बसून स्वतःशीच लग्न लावलं होतं. डायसी थंड पाण्यात लिटरला चाळीसेक ग्रॅमच विरघळतं, उरलेलं तळाशी बसलं. दुकानदाराची आम्ही उगाच आई-बहीण काढली होती.

त्यांचं नशीब एवढंच की ते हळूहळू झालं. ही बेरीज उष्णता सोडते. मोठा ड्रम असेल, स्थिर ठेवणारं आम्ल संपलं असेल आणि बाहेर ऊन असेल, तर उष्णतेने वेग वाढतो, वेगाने उष्णता. आमच्याकडे एकदा एप्रिलमध्ये एक ड्रम शेडबाहेर राहिला. दुपारी हात लावला तर कढत, आणि झाकण फुगलेलं. पाण्याचा फवारा मारत, लांबून झाकण सैल करून, पातळ फॉस्फोरिक आम्ल ओतून तो शांत केला. संध्याकाळी आत पांढरा दगड होता. तेव्हापासून मी लेबलवरची '२० अंशांखाली ठेवा' ही ओळ कोणाला वाचून दाखवायला लाजत नाही. घरात लागेल तेवढंच, छाटणीच्या तोंडावर विकत घ्या.

दारूचं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण बागेतला खरा धोका हाच आहे. दारू शरीरात गेली की आधी तिचं अॅसिटाल्डिहाइड होतं, मग दुसरा विकर, अल्डिहाइड डिहायड्रोजनेज, त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट करतो. सायनामाइड त्वचेतून, श्वासातून आत जातं, आणि तोच कॅटलेज, जो वेलीच्या डोळ्यात अडवला गेला, तो माणसाच्या अंगात सायनामाइडला एका आक्रमक रूपात बदलतो. ते रूप या दुसऱ्या विकराला बंद पाडतं. मग एक पेग घेतला तरी अॅसिटाल्डिहाइड तुंबतं. चेहरा आणि छाती लालबुंद, डोकं ठणकतं, छातीत धडधड, मळमळ, रक्तदाब एकदम खाली. १९१४ मध्येच जर्मनीतल्या सायनामाइड कारखान्यांमधल्या कामगारांत डॉक्टरांनी हे नोंदवलं होतं. पुढे डॉक्टरांनी याचाच उपयोग करून दारू सोडवण्याचं औषधही काढलं, म्हणजे माणूस प्यायला की त्रास होईल आणि तो सोडेल असं.

माझ्या मावसभावाने दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवसभर स्पंजने डोरमेक्स लावलं, हातमोजे न घालता, कारण "मोज्याने डोळा समजत नाही." संध्याकाळी दोन पेग. अर्ध्या तासात कान कुंकवासारखे लाल आणि बसल्या जागी घाम. वहिनीला वाटलं हार्ट अटॅक. पिंपळगावच्या दवाखान्यात सलाइन लावून रात्रभर ठेवलं, सकाळी ठीक. पण दवाखान्याच्या दारात कुणीतरी ओरडलं, "सायनाइड गेलंय पोटात!" आणि तिथल्या तरुण डॉक्टरचा चेहरा पांढराफटक झाला. म्हणून सांगतो, बाबांची ती समजूत घरात काढून टाक. सायनाइडवर जे नायट्राइटचं औषध देतात त्याने रक्तदाब आणखी उतरतो, आणि या माणसाचा तो आधीच उतरलेला असतो. दवाखान्यात जाताना रिकामा कॅन नाहीतर त्याचं लेबल सोबत न्या आणि 'हायड्रोजन सायनामाइड, वर दारू' एवढंच सांगा.

काम करायच्या आदल्या दिवसापासून आणि नंतर निदान दोन दिवस दारू नाही. हे तुमच्या घरच्यांना जितकं सांगाल तितकंच, किंवा जास्त, पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या छाटणीच्या टोळीला सांगा. लेबल त्यांच्या हातात कधीच पडत नाही. मोजे मालकाने द्यायचे, आणि ते फाटले की नवे. हातावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. तसंच मुरू दिलं तर कातडी सोलते. युरोपियन युनियनने २००८ मध्ये सायनामाइडला शेतीसाठी मान्यता नाकारली ती मुख्यतः लावणाऱ्या माणसाच्या जोखमीमुळेच. आपल्याकडे द्राक्षाला ते वापरात आहे आणि त्याच्याशिवाय ऑक्टोबर छाटणी अवघड, हेही मला मान्य आहे. म्हणून बंद करा असं मी म्हणत नाही.

शेवटी तू खाली लिहिलं होतंस की कॉलेजच्या प्रोजेक्टला यातलं काही घेऊ का. घे. वर सांगितलेली चांदीची चाचणीच घे. तीन द्रावणं कर : ताज्या डोरमेक्सचं, तुमच्या बोअरच्या पाण्यात कालवून दोन दिवस ठेवलेलं, आणि डिस्टिल्ड पाण्यात कालवून दोन दिवस ठेवलेलं. तिघांचा पिवळेपणा शेजारी शेजारी बघ, सामूही लिहून ठेव. फक्त सरांना समोर उभं करूनच कर, आणि तो पिवळा साका गाळून वाळवू नकोस. कोरडा सिल्व्हर सायनामाइड तापला किंवा घासला गेला तर उडतो. ओला असतानाच पातळ नायट्रिक आम्लात विरघळवून टाक. सामू मोजून झाला की आकडे इथेच लिही, बोअर किती फुटांची तेही सांग.